‘वोक’ हा शब्द काल जन्मलेला नाही

“वोक हे अमेरिकेतल्या श्रीमंत कॉलेजांतल्या पोरांचं खूळ आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ट्विटरवर निघालं आणि तिथून आपल्याकडे आलं.” थोड्याफार फरकाने हे वाक्य मी सतत ऐकते. टीव्हीवरच्या चर्चेत ऐकते, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचते. मुलीने लग्नात कन्यादान नको म्हटलं की ती वोक. डिस्नेच्या सिनेमात जलपरीचं काम कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केलं की सिनेमा वोक. जातीवरून केलेल्या विनोदाला कुणी हरकत घेतली की तोही वोक. अर्थ विचारला तर उत्तर मिळतं: अतिशहाणा, दिखाऊ, ऊठसूट अन्याय शोधत फिरणारा.

आज अनेक जण हा शब्द या अर्थाने वापरतात, हे खरंच आहे. पण त्याची जी जन्मकथा सांगितली जाते ती साफ चुकीची आहे. आणि ही चूक किरकोळ नाही, कारण ज्या माणसांनी स्वतःचा जीव सांभाळण्यासाठी हा शब्द वापरात आणला, तीच माणसं या जन्मकथेतून पुसली जातात. म्हणून जरा सविस्तर.

गैरसमज: ‘वोक’ हा सोशल मीडियाने जन्माला घातलेला शब्द आहे

‘वेक’ म्हणजे जागं होणं, आणि ‘वोक’ हे त्याचं भूतकाळाचं रूप, इतकं शाळेत शिकवतात. ‘जागा असलेला’ या अर्थाचं विशेषण प्रमाण इंग्रजीत ‘अवेक’ असं आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत मात्र ‘वोक’ हेच विशेषण म्हणून चालत आलं आहे. आधी त्याचा अर्थ साधा होता: जो झोपलेला नाही तो वोक. त्यातूनच ‘सावध’ हा अर्थ निघाला. या दुसऱ्या अर्थाचा कानांनी ऐकता येईल असा पुरावा १९३८ सालचा आहे, आणि तो समजून घ्यायला त्याच्या सात वर्षं मागे जावं लागतं.

२५ मार्च १९३१. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाहून मेम्फिसकडे एक मालगाडी निघाली होती. महामंदीचे दिवस होते. कामाच्या शोधातली गोरी आणि काळी पोरं अशा गाड्यांवर विनातिकीट चढत. वाटेत त्यांच्यात मारामारी झाली, काही गोऱ्या मुलांना गाडीतून उतरवलं गेलं आणि त्यांनी जाऊन तक्रार केली. अलाबामातल्या पेंट रॉक या गावी हत्यारबंद माणसांनी गाडी अडवली आणि नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडलं. त्यांतला सगळ्यांत लहान १३ वर्षांचा होता. त्याच गाडीतून जाणाऱ्या दोन गोऱ्या तरुणींनी या नऊ जणांवर बलात्काराचा आरोप केला. खटले जवळच्या स्कॉट्सबरो गावात ६ एप्रिलला सुरू झाले. ज्युरीत सगळे गोरे होते आणि आरोपींना धड वकीलही मिळाला नव्हता. चार दिवसांत आठ जणांना मृत्युदंड सुनावून झाला.

पुढे १९३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने योग्य वकील न मिळाल्याच्या कारणावरून या शिक्षा रद्द केल्या. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी रूबी बेट्स हिने न्यायालयात येऊन सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. तरी ज्युरीने पुन्हा दोषी ठरवलं. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा हस्तक्षेप केला, या वेळी कृष्णवर्णीयांना ज्युरीतून पद्धतशीरपणे वगळल्याबद्दल. इतकं होऊनही या मुलांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली, आणि शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

लेड बेली या नावाने प्रसिद्ध असलेल्या गायकाने, म्हणजे हडी लेडबेटरने, या मुलांवर गाणं केलं. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाणं संपल्यावर तो बोलू लागतो. अलाबामातून जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचं सांगणं असं, की तिथे जरा जपून असा, डोळे उघडे ठेवा. आणि हे सांगताना त्याने वापरलेले शब्द आहेत ‘स्टे वोक’. हे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ज्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल त्याने ते स्वतः ऐकावं.

या सांगण्यात विचारसरणी कुठे आहे? परगावी निघालेल्या पोराला घरातलं वडीलधारं माणूस जे बजावतं, तेच लेड बेली बजावतो आहे. फरक इतकाच, की तिथे चुकीच्या गावात, चुकीच्या वेळी दिसणं जिवावर बेतू शकत होतं. अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेने ठेवलेल्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत ३,४४६ कृष्णवर्णीयांना झुंडींनी ठार मारलं. ही फक्त नोंद झालेली संख्या आहे. ज्या समाजाने हे भोगलं त्याने एकमेकांना ‘जागा राहा’ म्हणून सांगितलं, तर त्यात खूळ कसलं?

त्यानंतरही हा शब्द गायब झाला नाही. मे १९६२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विल्यम मेल्विन केली या २४ वर्षांच्या कृष्णवर्णीय लेखकाचा लेख छापला. त्याच्या शीर्षकातच ‘वोक’ होता. लेखाचा विषय आजच्या वादाला चपखल लागू पडतो: न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत जन्मलेले शब्द गोरे तरुण उचलतात, आपल्या मर्जीने वापरतात, आणि तोवर मूळ बोलणारे ते शब्द टाकून किंवा बदलून पुढे गेलेले असतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी बेकम यांनी कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्यावर नाटक लिहिलं. त्यातलं एक पात्र म्हणतं, की जन्मभर झोपलो होतो, गार्वींनी जागं केलं, आता जागाच राहीन. तिथेही शब्द ‘वोक’च. २००८ मध्ये एरिका बडू या गायिकेने ‘मास्टर टीचर’ या गाण्यात ‘स्टे वोक’ हे पालुपद तरुण श्रोत्यांपर्यंत नेलं. ते गाणं आधी रचलं होतं जॉर्जिया ॲन मल्ड्रो हिने.

मग आलं २०१४. ९ ऑगस्टला मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये १८ वर्षांचा निःशस्त्र मायकेल ब्राउन पोलिसाच्या गोळीने मेला. लोक रस्त्यावर उतरले आणि ‘स्टे वोक’ हा हॅशटॅग झाला. सोशल मीडिया या गोष्टीत ठळकपणे येतो तो इथे, लेड बेलीनंतर ७६ वर्षांनी. आणि तेव्हाही अर्थ जवळजवळ तोच होता: पोलीस समोर आले तर सावध राहा, काय चाललं आहे ते बघत राहा. ज्याला लोक या शब्दाचा जन्म म्हणतात, ती त्याच्या आयुष्यातली बऱ्यापैकी उशिराची घटना आहे.

मग अर्थ बदलला कसा?

फर्ग्युसननंतर तीन-चार वर्षांत शब्द ज्या वेगाने पसरला त्याच वेगाने पातळ झाला. ज्यांना पोलिसांची भीती कधी वाटलीच नव्हती असे तरुण तो स्वतःबद्दल कौतुकाने वापरू लागले. टी-शर्टांवर आला, जाहिरातींत आला. जून २०१७ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने अन्याय आणि भेदभाव यांबद्दल सजग, या अर्थाने त्याची नोंद घेतली. धोक्याची सूचना होती, तिचं प्रशस्तिपत्रक झालं. आणि स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रशस्तिपत्रकाची टिंगल व्हायला वेळ लागत नाही.

त्यानंतर राजकीय विरोधकांनी तो पद्धतशीर हाती घेतला. फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी एप्रिल २०२२ मध्ये सही केलेल्या एका कायद्याचं नावच ‘स्टॉप वोक’ असं जुळवलं होतं. शाळा आणि कंपन्यांत वंश व लिंग या विषयांवर काय शिकवायचं यावर त्याने बंधनं घातली, आणि कंपन्यांबाबतच्या तरतुदी मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने रोखून धरल्या. या काळात ‘वोक’मध्ये काहीही बसू लागलं: पाठ्यपुस्तक, बँक, सिनेमा, शौचालयावरची पाटी.

भाषाशास्त्रात याला अर्थापकर्ष म्हणतात, म्हणजे चांगल्या अर्थाचा शब्द हळूहळू वाईट अर्थाला उतरणं. हे काही इंग्रजीतच होतं असं नाही. सम्राट अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवतो. तोच शब्द पुढे संस्कृतात ‘मूर्ख’ या अर्थाने रूढ झाला, इतका की भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीत तसा स्पष्ट उल्लेख आहे. एका परंपरेने मिरवलेला शब्द दुसरीच्या तोंडी जाऊन शिवी होतो, ही वाट फार जुनी आहे. अमेरिकेतच ‘पोलिटिकली करेक्ट’ हा शब्दप्रयोग आधी डाव्या कार्यकर्त्यांमध्ये एकमेकांना कोपरखळी म्हणून चालायचा, आणि १९९० च्या आसपास विरोधकांच्या हातात जाऊन हत्यार झाला.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

*‘स्टे वोक’ हे अशुद्ध इंग्रजी आहे.* नाही. कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीला स्वतःचं नियमबद्ध व्याकरण आहे आणि भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा अनेक दशकं अभ्यास केला आहे. वऱ्हाडी किंवा मालवणीला जो अशुद्ध म्हणत नाही, त्याने यालाही म्हणू नये.

*हा शब्द मार्कस गार्वींनी दिला.* गार्वींच्या १९२३ सालच्या पुस्तकात आफ्रिकेला जागं होण्याची हाक आहे, पण तिथे ‘वेक अप’ आहे, ‘वोक’ नाही.

*अब्राहम लिंकन यांच्या काळातल्या ‘वाइड अवेक्स’पासून हा शब्द आला.* १८६० मध्ये लिंकन यांच्या प्रचारासाठी मशाली घेऊन मोर्चे काढणारी तरुणांची ही संघटना खरी होती. पण जागेपणाची प्रतिमा सारखी असली म्हणून शब्दाचं मूळ एक होत नाही.

*‘वोक’पणावर टीका फक्त उजवे करतात.* ऑक्टोबर २०१९ मध्ये शिकागोत बराक ओबामांनीच तरुणांना सुनावलं होतं, की आपणच तेवढे शुद्ध आणि सदा ‘वोक’ हा भ्रम सोडा, जग गुंतागुंतीचं आहे.

*आता सगळ्याच अमेरिकनांना ही शिवी वाटते.* यूएसए टुडे आणि इप्सॉस यांच्या मार्च २०२३ च्या पाहणीत ५६ टक्के लोकांनी याचा अर्थ ‘सामाजिक अन्यायाची जाण असणं’ असा निवडला. ३९ टक्क्यांनी ‘दुसऱ्यांच्या बोलण्यावर पहारा ठेवणं’ हा अर्थ निवडला.

*मूळ अर्थ हाच खरा अर्थ, बाकी सगळे चुकीचे.* हाही गैरसमजच, आणि तो माझ्या बाजूच्या लोकांचा आहे. शब्द आज ज्या अर्थाने चालतो तो अर्थही खराच असतो. माझा आक्षेप खोट्या इतिहासाला आहे.

*अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या या भानगडीशी आपला संबंध नाही.* १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. शब्द परका असेल, पण त्याच्या मागचा प्रश्न महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखला होता.

शपथेवर सांगितलेला अर्थ

या शब्दाची सध्याची अवस्था दाखवणारा एक प्रसंग फ्लोरिडातल्याच एका खटल्यातला आहे. डिसँटिस यांनी अँड्र्यू वॉरन या सरकारी वकिलाला ‘वोक’ ठरवून निलंबित केलं होतं आणि ते प्रकरण २०२२ च्या अखेरीस न्यायालयात गेलं. तिथे गव्हर्नरांचे मुख्य कायदा सल्लागार रायन न्यूमन यांना विचारण्यात आलं, की ‘वोक’ म्हणजे नेमकं काय? त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा: अमेरिकी समाजात व्यवस्थेतूनच होणारे अन्याय आहेत आणि ते दूर करायला हवेत, असं मानणं.

भाषणात आणि पोस्टमध्ये हा शब्द कितीही फिरवता येतो. न्यायालयात जबाब देताना मात्र त्याच्या कट्टर विरोधकांनाही जो अर्थ सांगावा लागला, त्यात थिल्लर काहीच नव्हतं. स्कॉट्सबरोच्या नऊ मुलांचं जे झालं, ते व्यवस्थेने केलेल्या अन्यायाचंच उदाहरण होतं, आणि दोन वेळा सर्वोच्च न्यायालयाने ते लेखी मान्य केलं आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. एखाद्या सिनेमाची पटकथा फसली असेल तर पटकथा फसली म्हणा. कुणी आव आणत असेल तर तो आव आणतो आहे म्हणा. एखादी मागणी अव्यवहार्य वाटत असेल तर का वाटते ते सांगा, वाद घाला. मराठीत यासाठी नेमके शब्द भरपूर आहेत आणि त्यांतला कुठलाही वापरला तर समोरच्याला उत्तर देता येतं. ‘वोक’ म्हणून मोकळं झालं की मुद्दा तिथेच मरतो, आणि कशाला विरोध आहे हे बोलणाऱ्यालाही सांगावं लागत नाही. ते सांगण्याची जबाबदारी त्याने टाळू नये.