जुना लॅपटॉप घेताय? रंग पाहू नका, बूड पाहा



16 जून ते 15 ऑगस्ट आपली मासेमारी बंद असते. नेमक्या त्याच दिवसांत शाळा-कॉलेज उघडतात आणि घरात विषय निघतो, "लॅपटॉप लागतो." नवा परवडत नाही, म्हणून पांढुर्णा-सौंसरची मंडळी नागपूरला सीताबर्डीत जाऊन जुना पाहतात. बंदीचे दोन महिने ज्या पैशावर काढायचे, तोच पैसा त्यात जातो. म्हणून घाई करू नका, एवढं वाचा.

जुना माल म्हणजे खराब माल, असं नाही. मोठ्या कंपन्या काही वर्षं वापरून लॅपटॉप एकगठ्ठा काढतात. तेच साफसूफ होऊन दुकानात येतात आणि त्यातले बरेच चांगले चालतात. पण जुना डोंगा घेताना आपण रंग पाहून पैसे देतो का? उलटा करून बूड पाहतो, सांधे तपासतो. इथंही तेच करायचं.

1) जनरेशन पाहा. सगळ्यात मोठी गोम इथं आहे. विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. विंडोज 11 साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा लागतो. "आय-फाइव्ह आहे" एवढ्यावर भुलू नका, पुढचा आकडा वाचा: 6300 म्हणजे सहावी, 8250 म्हणजे आठवी, 10210 म्हणजे दहावी. सहाव्या-सातव्या जनरेशनवर काही जण विंडोज 11 जबरदस्तीनं टाकून देतात. चालताना दिसतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप दुकानातच चालवून पाहा, उत्तर तिथंच मिळतं.

2) डिस्क आणि रॅम. एसएसडीच घ्या. जुनी फिरणारी हार्ड डिस्क मंद असते आणि धक्क्यानं बिघडते. पोरांचा अभ्यास, फॉर्म आणि समितीचा हिशेब यासाठी 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी पुरते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत ॲपमध्ये डिस्कची तब्येत दिसते. तिथं 'गुड' नसेल तर सोडून द्या.

3) कुलूप आहे का? कंपनीतून आलेल्या मशीनवर कधी कधी जुन्या मालकाचं कुलूप राहून जातं. दुकानदाराला आपल्यासमोर इंटरनेट लावून मशीन रिसेट करायला सांगा. सुरू होताना कुठल्या कंपनीचा ईमेल किंवा पासवर्ड मागितला, तर घेऊ नका. सेटिंगमध्ये विंडोज 'ॲक्टिव्ह' आहे का, तेही पाहा.

4) अर्धा तास चालवा. चार्जर काढून व्हिडिओ लावा आणि बॅटरी किती उतरते ते पाहा. सगळी बटणं, कॅमेरा, आवाज, वाय-फाय, यूएसबी आणि चार्जिंगची पिन तपासा. झाकण उघडताना कब्जा ढिला वाटतो का, तेही पाहा. बॅटरी बदलावी लागणार असेल तर तिचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.

5) पक्कं बिल घ्या. बिलावर सिरीयल नंबर आणि गॅरंटीची मुदत लिहून घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका. ओळखीशिवाय, बिलाशिवाय आणि फारच स्वस्तात कुणी देत असेल तर माल चोरीचा असू शकतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.

6) न पाहता ॲडव्हान्स नको. "मी फौजेत आहे, बदली झाली, आधी थोडे पैसे टाका" हा फसवणुकीचा जुना डाव आहे. आपल्या खात्यात पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितला, तर तो आपलेच पैसे काढतोय. फसलात तर लगेच 1930 वर फोन करा.

घरी आणल्यावर: समितीचा हिशेब, सभासद यादी, मासळीच्या नोंदी एकाच मशीनवर ठेवू नका. एक प्रत पेनड्राइव्हमध्ये काढून दुसऱ्याच्या घरी ठेवा. मशीन बसलं तर दुसरं घेता येतं, गेलेला हिशेब परत मिळत नाही. आणि आपला जुना कॉम्प्युटर विकणार असाल तर आधार, पासबुक, फोटो नुसते डिलीट करून भागत नाही. रिसेट करताना 'सगळं काढून ड्राइव्ह साफ करा' हा पर्याय निवडा.

शेवटची गोष्ट: काम फक्त वर्षातून दोन-चार फॉर्म भरण्याचं असेल तर लॅपटॉप घेऊच नका, कियोस्कवर जा. पण पोरीला टायपिंग, हिशेब शिकायचा असेल किंवा कॉलेजचं काम असेल, तर जरूर घ्या, फक्त बूड पाहून घ्या.

ज्यांच्या घरी यंदा खरेदी आहे, त्यांच्यापर्यंत हे पोचवा. दुकानात जाताना ही पोस्ट मोबाइलमध्ये उघडी ठेवा.