विमानाचंही ऑइल बदलावं लागतं!

मैत्रिणींनो, मथळा वाचून पान उलटू नका. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या घरातल्या स्कूटरचं ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? आठवत नाही ना? मलाही आठवत नव्हतं. पण गेल्या खंडेनवमीला मी एका विमानाचं ऑइल बदलताना पाहिलं, आणि तेव्हापासून आमच्या स्कूटरची तारीख कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेली असते.

मी डहाणूची. आमच्याकडे विमान म्हणजे चिकूच्या वाडीवरून उत्तरेकडे जाणारा आवाज, एवढाच संबंध. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी टपालाचं पहिलं विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं, ते बहुधा आमच्याच किनाऱ्याच्या आसपासून गेलं असणार. आमच्या आजीनं ते पाहिलं होतं की नाही कोण जाणे! नाही म्हणायला अलीकडे एक बातमी आमच्या जिल्ह्यात पुष्कळ चघळली गेली. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तुम्हाला आठवत असतील. 2016 साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात त्यांचं सहा आसनी विमान लोकांनी गर्दी करून पाहिलं. 2018 साली राज्य सरकारनं त्यांच्याशी विमान कारखान्याचा करार केला, त्यासाठी जागा ठरली ती पालघर जिल्ह्यात. त्या बातमीनं आमच्याकडच्या किती मुलामुलींच्या डोक्यात विमान शिरलं ते मी मोजलं नाही. एक मुलगी मात्र मला ठाऊक आहे.

तिची आई माझी शाळासोबतीण. लग्न होऊन तलासरीला गेली. मुंबई-अहमदाबाद हायवेला लागून त्यांचं गॅरेज आहे, ट्रक आणि टेम्पोचं. मुलगी लहानपणापासून पान्हे हाताळत वाढली. अकरावी-बारावीला माझ्याकडे डहाणूला राहिली, म्हणून मी तिची मावशी. पुढे तिनं विमान दुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि आता खानदेशातल्या एका विमानशाळेत ती उमेदवारी करते. शाळेचं नाव इथं देत नाही, कारण पुढं कळेलच.

एक दिवस तिच्या आईचा फोन. आवाज रडवेला. "अगं, वापीचं स्थळ आलंय. ते विचारतात, मुलगी विमानात काय करते? मी काय सांगू? हे म्हणतात, विमानाचं ऑइल बदलते. अगं, हात काळेच करायचे होते तर घरचं गॅरेज काय वाईट होतं? तू जाऊन बघून ये बाई. तू सांगशील तसं करू."

आता आली का जबाबदारी! डहाणू रोडहून सुरत, तिथून तापी लाईननं नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा आणि पुढं एस्टी असा प्रवास करून मी धुळ्याला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी हँगरमध्ये. हँगर म्हणजे विमानाचा गोठाच म्हणा. दाराला झेंडूचं तोरण, हत्यारांच्या पेटीला हळदकुंकू. आणि मधोमध ते विमान. इतकं छोटं, की मला वाटलं हे खेळण्यातलंच! दोन माणसं खेटून बसतील एवढी जागा. पण इंजिन पाहिलं तर आपल्या मारुतीच्या इंजिनासारखंच चार सिलिंडरचं, फक्त आडवं पसरलेलं आणि वाऱ्यानं थंड होणारं.

"मावशी, आधी लांब उभी राहा," तिनं मला दटावलं. "आणि पंख्याला हात लावायचा नाही. बंद असला तरी." किल्ली काढून खिशात ठेवली होती, तरी का? तर या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. आतलं मॅग्नेटो स्वतःच वीज करतं. त्याची एखादी तार तुटलेली असली, तर किल्ली काढूनही पंखा हातानं हलवल्यावर इंजिन झटका देऊ शकतं. गिरणीच्या पट्ट्यापाशी पदर खोचून उभं राहायला आपल्याला शिकवतात ना, तसंच हे.

इंजिन आधी थोडा वेळ चालवून गरम केलेलं होतं. थंड तेल मधासारखं, भांड्याला चिकटून राहतं. गरम तेल घाण सोबत घेऊन झरझर उतरतं. तुपाची बरणी धुण्यापूर्वी आपण ती ऊन पाण्यात ठेवतो, त्यातलाच प्रकार. तळाशी एक तोटी असते, तिला नळी लावली की काळंभोर तेल बादलीत. लहान विमानात सहा ते आठ लिटर निघतं. धार अर्धीअधिक गेल्यावर तिनं मधलीच थोडी एका बाटलीत धरली. ती प्रयोगशाळेत जाते. रक्ततपासणीच म्हणा ना! तेलात लोखंड किती, तांबं किती, ॲल्युमिनियम किती, हे तिथं कळतं आणि इंजिनाचा कुठला भाग झिजतोय याचा अंदाज येतो.

मी विचारलं, "दर किती दिवसांनी हे?" फिल्टर असेल तर 50 तासांच्या उड्डाणानंतर. फिल्टर नसून नुसती जाळी असेल तर 25 तासांनी. आणि विमान उडालं नाही तरी चार महिन्यांनी. मला नवल वाटलं. न वापरलेलं तेल कसं खराब होईल? इथं तिनं मला जे सांगितलं ते मी आमच्या अहोंना तीनदा ऐकवलं आहे. इंजिन चाललं की आत पाण्याची वाफ धरते. चांगलं अर्धा-पाऊण तास उडालं, तेल पुरेसं तापलं, तर ती वाफ निघून जाते. पण नुसतं पाच मिनिटं सुरू करून बंद केलं, किंवा महिनोन् महिने उभं ठेवलं, तर पाणी तेलात राहतं आणि आतून गंज चढतो. या जातीच्या इंजिनात झडपा उचलणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, वरच्या अंगाला असतो. उभ्या विमानात त्याच्यावरचं तेल ओघळून खाली जातं, दांडा उघडा पडतो. मग पावसाळी हवा आपलं काम करते. समुद्रकाठची खारी हवा तर विचारूच नका. आमच्याकडच्या खिडक्यांचे गज बघा म्हणजे कळेल.

आणि हो, गाडीचं तेल यात चालत नाही. गाडीच्या तेलात धातूची काही द्रव्यं मिसळलेली असतात, ती जळून राख करतात. हवेत ती राख महागात पडते. म्हणून विमानाला बिनराखेचं तेल. डब्यावर डब्ल्यू 100 लिहिलेलं होतं. मी शहाणपणा केला, "डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळ्याचं ना?" ती हसली. गाडीच्या तेलात तसं असतं. इथं डब्ल्यू म्हणजे बिनराखेचं आणि घाण तरंगत ठेवणारं, आणि 100 म्हणजे गाडीच्या हिशेबात 50 नंबरचं दाट तेल, आपल्या उन्हाला सोसणारं. नव्या इंजिनाला मात्र सुरुवातीला साधं खनिज तेल देतात. आतले भाग एकमेकांवर नीट घासून बसले पाहिजेत ना, फार निसरडं करून भागत नाही. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्या किल्ल्या देत नाहीत तसं, असं तिथले इंजिनिअरसाहेब म्हणाले. उपमा मला मुळीच आवडली नाही, पण विषय कळला.

मग फिल्टर. आणि खरी गोष्ट इथं सुरू होते.

फिल्टर म्हणजे रंगाच्या डब्याएवढा पत्र्याचा डबा. गॅरेजवाला जुना फिल्टर फेकून देतो. इथं तो कापून बघायचाच, असा दंडक. करवतीनं नाही बरं का, करवतीचाच कीस आत पडला तर फसगत होते. डबा फोडायच्या चावीसारखं एक गोल फिरणारं हत्यार असतं. आत कागद, साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घातलेला. ती निरी निरी उलगडून उजेडात धरत होती. मी चष्मा पुसून वाकले. काळ्या तेलावर काहीतरी चमचम करत होतं. माझ्या मनात आलं, छान दिसतंय. तिचा चेहरा मात्र उतरला.

कागद धुऊन तिनं ते पाणी मलमलीतून गाळलं. खाली लोहचुंबक फिरवलं. कण सरकले. म्हणजे लोखंड. ती मोजायला बसली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. इंजिनाच्या कंपनीनं याचाही हिशेब दिलेला आहे. मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक कण नऊच्या आत असतील तर उडा, पण 25 तासांनी पुन्हा फिल्टर कापा. त्याहून जास्त असतील तर लवकर तपासा. आणखी जास्त, किंवा मोठा तुकडा असेल, तर विमान जमिनीवर. तिच्या मोजणीत चाळीसच्या वर आले.

आता पंचाईत बघा. त्याच विमानात त्या दिवशी एका विद्यार्थ्याचं पहिलं एकट्यानं उड्डाण ठरलेलं. त्याचे आईवडील लांबून पेढे घेऊन आलेले. शिकवणारे कॅप्टन दोनदा येऊन विचारून गेले, "झालं का?" आणि ही बावीस वर्षांची पोर, लायसन्स नाही, सही करायचा अधिकार नाही, हातात मलमलीचा तुकडा घेऊन उभी. मला नंतर म्हणाली, "मावशी, क्षणभर वाटलं, आपल्यालाच चूक दिसत असेल. कोणी बघत नव्हतं." पण ती सरळ इंजिनिअरसाहेबांकडे गेली. त्यांनी भिंग लावून पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि विमानाच्या दारावर लाल पाटी अडकवली. कॅप्टन नाराज झाले, ते दिसलंच. पेढ्यांचा पुडा बाकावर तसाच राहिला.

आमच्या धाकट्या डहाणूच्या मांगेल्यांच्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. बोटीचं इंजिन खोल पाण्यात बंद पडलं म्हणजे काय, ते त्यांना विचारा. रस्त्यावर गाडी कडेला घेता येते. समुद्रात कडा नाही आणि आकाशातही नाही.

त्या दुपारी तिनं शेजारच्या दुसऱ्या विमानाचं काम पुरं करून दाखवलं. फिल्टर स्वच्छ निघाला, माझाच जीव भांड्यात पडला. नवा फिल्टर बसवण्यापूर्वी जुन्याची रबरी चकती इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे तिनं बोट फिरवून पाहिलं. ती राहिली आणि तिच्यावर दुसरी बसली, तर फटीतून सगळं तेल हवेत उडून जातं. हे मात्र स्कूटर-मोटारीलाही लागू, तुमच्या मेकॅनिकला जरूर विचारा. मग चकतीला वंगण, ठरलेल्या ताकदीनंच पिळायचा पान्हा, आणि वर बारीक पोलादी तार, वेणीसारखी पिळून अशी बांधलेली की फिल्टर सैल व्हायला गेला तर तार त्याला घट्टच करील. नवं तेल, इंजिन सुरू, आणि सगळ्यांचे डोळे दाबाच्या काट्यावर. अर्ध्या मिनिटात काटा वर आला नाही तर इंजिन बंद. आला. मग पुन्हा खाली वाकून गळती बघायची, आणि वहीत नोंद. नोंदीखाली सही लायसन्सवाल्याची.

काळं तेल कुठं जातं, हे मी आठवणीनं विचारलं. आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल फासतात, उरलेलं गटारात. विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, ते या तेलात उतरतं. तिथं ते झाकणाच्या पिंपात जातं आणि परवानाधारक नेतो. 1991 साली सरकारनं आमचा डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला, तरी घरोघरचं ऑइल खाडीकडेच वाहतं. तुमच्याकडचं डब्यात भरून गॅरेजला परत द्या, तो विकतो. आणि चुलीत मुळीच घालू नका, धूर विषारी असतो.

तलासरीला जाऊन मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिनं मलमलीच्या तुकड्याचं पुन्हा पुन्हा विचारलं. बापानं मात्र एकच प्रश्न केला, "चाळीस? नीट मोजले होते का तिनं?" मी म्हटलं, "तीनदा." तो उठून गॅरेजमध्ये गेला.

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. सिलिंडर उतरवून पाहिलं, तर कॅमशाफ्टवर आणि त्याखालच्या टॅपेटवर गंजाचे खड्डे, वरचं पोलाद सालपटासारखं निघालेलं. विमान पावसाळाभर उभं होतं. त्या मुलानं दुसऱ्या विमानातून उड्डाण केलं आणि पेढे हँगरमध्ये वाटले. वापीकडच्यांना मैत्रिणीनं कळवलं आहे, मुलीची लायसन्सची परीक्षा होईपर्यंत थांबायचं असेल तर थांबा. आणि गॅरेजमध्ये, तिची आई सांगत होती, आता ट्रकचे जुने फिल्टर फेकत नाहीत. हे रात्री दिव्याखाली बसून ते कापून बघतात.