शैक्षणिक तंत्रसाधने : अभिवृत्ती व प्रशिक्षण

वर्गात वापरल्या जाणाऱ्या दृक्‌श्राव्य व संगणकाधिष्ठित साधनांविषयी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या ठायी असणारी अनुकूल वा प्रतिकूल मनोधारणा आणि प्रशिक्षणामुळे तीत घडून येणारे परिवर्तन, हा शैक्षणिक मानसशास्त्र व शैक्षणिक तंत्रविद्या या दोन शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय होय. साधन शाळेत पोहोचणे आणि ते अध्यापनात उतरणे या दोन घटनांत पुष्कळ अंतर असते. हे अंतर साधनाच्या गुणावगुणांपेक्षा ते हाताळणाऱ्याच्या अभिवृत्तीवर अधिक अवलंबून असते, असे सामान्यतः मानले जाते. मात्र प्रशिक्षणाने ही अभिवृत्ती नेमकी केव्हा पालटते, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचा विचार मुख्यतः वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

अभिवृत्तीचे ज्ञानात्मक, भावात्मक व क्रियात्मक असे तीन घटक मानतात. साधनाविषयीची माहिती, त्याबद्दल वाटणारी ओढ वा धास्ती आणि ते प्रत्यक्ष वापरण्याची तयारी हे ते तीन घटक होत. अभिवृत्तीचे मापन करता येते, हे लुइस थर्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये दाखवून दिले. रेन्सिस लायकर्ट याने १९३२ मध्ये ‘पूर्णतः सहमत’ पासून ‘पूर्णतः असहमत’ पर्यंतच्या पाच पायऱ्यांची सुटसुटीत श्रेणी रूढ केली. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर संशोधनात आजही बहुधा हीच श्रेणी वापरली जाते : प्रशिक्षणापूर्वी व प्रशिक्षणानंतर एकच प्रश्नावली भरून घ्यावयाची आणि दोन्ही गुणांच्या सरासरीतील फरक सार्थ आहे की नाही, हे ‘टी’ परीक्षेने ठरवावयाचे. या रचनेत एक मोठी उणीव आहे. उत्तरचाचणी बहुधा प्रशिक्षणाच्या अखेरच्या दिवशी, समारोपाच्या घाईत होते. चार दिवस ज्यांचे मार्गदर्शन घेतले, त्यांच्याच हाती प्रश्नावली परत द्यावयाची असल्याने उत्तरांत सौजन्याचा भाग किती व मतपरिवर्तनाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. नव्या वस्तूचे अप्रूपही त्यात मिसळलेले असते. सहा महिन्यांनी तेच शिक्षक आपल्या वर्गात काय करतात, हे पाहिल्यावाचून क्रियात्मक घटकाचा अंदाज येऊ शकत नाही.

प्रशिक्षण, अभिवृत्ती व व्यवहार यांच्या क्रमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार प्रशिक्षणाने आधी शिक्षकाचे मन वळते व नंतर त्याचा वर्गातील व्यवहार बदलतो. बहुतेक सरकारी प्रशिक्षणांची आखणी या गृहीतकावर आधारलेली असते. टॉमस गस्की या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये हा क्रम उलटा मांडला. त्याच्या मते शिक्षक आधी नवी पद्धत वर्गात करून पाहतो, आपल्याच विद्यार्थ्यांत त्याला काही सुधारणा दिसते आणि त्यानंतरच त्याची श्रद्धा व अभिवृत्ती बदलते. फ्रेड डेव्हिस याने १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रस्वीकृतीच्या प्रतिमानात साधनाची जाणवणारी उपयुक्तता व जाणवणारी सुलभता हे दोन घटक निर्णायक मानले आहेत. जीन हॉल व त्याचे सहकारी यांनी १९७३ पासून विकसित केलेल्या मांडणीनुसार शिक्षकाच्या चिंता टप्प्याटप्प्याने बदलतात : प्रथम ‘मला हे जमेल काय?’, मग ‘हे वेळेत कसे बसवावे?’ आणि शेवटी ‘मुलांना याचा लाभ किती?’. जो शिक्षक पहिल्या टप्प्यावर आहे, त्याला तिसऱ्या टप्प्यावरील व्याख्यान ऐकविल्यास त्याची धास्ती कमी न होता वाढते. वऱ्हाडातील अनुभव गस्कीच्या मताला अधिक जवळचा आहे.

वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा देशातील पहिला मोठा प्रयोग (साइट) सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत झाला. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. अध्यापक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र हा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. सु. ५०,००० प्राथमिक शिक्षकांना त्यात विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले आणि केवळ पडद्यावरील कार्यक्रम पुरेसा न मानता नभोवाणी, छापील साहित्य व हाताने करावयाचे प्रयोग यांची जोड त्याला देण्यात आली. महाराष्ट्रात पुणे येथे १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ ही राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर (१९८६) देशभर सुरू झालेल्या खडू-फळा योजनेने (१९८७) प्राथमिक शाळांना नकाशे, तक्ते, विज्ञानपेटी इ. साहित्य मिळाले. या साहित्याच्या वापरासाठीचे विशेष उद्‌बोधन १९९३-९४ मध्ये सुरू झाले. मधल्या सहा वर्षांत साहित्याविषयी शिक्षकांची जी धारणा बनली, ती पुसून काढणे प्रशिक्षणाला जड गेले. या धारणेचे मूळ शिक्षकाच्या आळसात शोधण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाही. शाळेला मिळालेली प्रत्येक वस्तू जडवस्तुसंग्रह नोंदवहीत चढते व तिची जबाबदारी मुख्याध्यापकावर येते. काच फुटली वा भिंग हरविले, तर खुलासा द्यावा लागतो. वस्तू कपाटात कुलूपबंद राहिली, तर कोणी विचारीत नाही. अशा व्यवस्थेत कपाट बंद ठेवणे हे अभिवृत्तीपेक्षा शहाणपणाचे लक्षण ठरते. मापनश्रेणीत मात्र त्याची नोंद ‘प्रतिकूल अभिवृत्ती’ अशीच होते.

संगणकाच्या बाबतीत हाच क्रम निराळ्या रूपाने दिसतो. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने देशातील निवडक २५० उच्च माध्यमिक शाळांत बीबीसी सूक्ष्मसंगणक देऊन संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. मराठी माध्यमाच्या शिक्षकाला या यंत्राबरोबर त्याच्या इंग्रजीलाही तोंड द्यावे लागे. महाराष्ट्रात २००१ पासून सुरू झालेल्या एम्‌एस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक-प्रशिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत नेले. शासकीय व जिल्हा परिषद सेवेत संगणक-अर्हता आवश्यक ठरून विहित मुदतीत ती न मिळविणाऱ्याची वेतनवाढ रोखण्याची तरतूद झाल्याने शिक्षक मोठ्या संख्येने या वर्गांना बसले. धास्ती घालविण्याचे काम या अभ्यासक्रमाने निश्चितपणे केले. परंतु त्यात पत्रलेखन, कोष्टके व सादरीकरण यांचे कौशल्य होते. चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकविताना यंत्राचा उपयोग कोणता, हे त्यात नव्हते. पुण्या मिश्रा व मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये विषयज्ञान, अध्यापनज्ञान व तंत्रज्ञान यांचा संगम ही स्वतंत्र ज्ञानशाखा असल्याचे जे प्रतिपादन केले, त्याचा अर्थ अशा उदाहरणांवरून स्पष्ट होतो. अनेक शाळांत संगणकाचा पहिला व दीर्घकाळ एकमेव उपयोग माहितीपत्रके भरण्यासाठी झाला आणि शिक्षकाच्या मनात त्याचे नाते अध्यापनापेक्षा कार्यालयीन कामाशी जुळले.

भौतिक परिस्थितीचा भागही यात मोठा आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन होते आणि शाळेची वेळ व विजेची वेळ यांचा मेळ बसत नसे. देयके थकल्याने जिल्हा परिषद शाळांचा वीजपुरवठा तोडला जाण्याचे प्रकार त्यानंतरही घडत राहिले. अकोला हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक असून उन्हाळ्यात तेथील तापमान ४५° से.च्या वर जाते. म्हणूनच विदर्भातील शाळा उर्वरित राज्याच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यातील प्रशिक्षणवर्गात बसलेल्या शिक्षकांचा उत्साह मोजताना ही बाब विसरता येत नाही. शिवाय उन्हाळ्यात शिकलेले जूनअखेर वापरावयाचे असल्याने मधल्या काळात बरेचसे विस्मरणात जाते.

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या २०१५ मधील शासकीय कार्यक्रमानंतर जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल’ करण्याची चळवळ वेगाने पसरली. प्रक्षेपक, पडदा, दूरचित्रवाणी संच, टॅब्लेट यांसाठी लोकवर्गणी जमविण्यात आली. ज्या शिक्षकाने गावात फिरून वर्गणी गोळा केली, तो त्या संचाकडे जडवस्तू म्हणून पाहत नाही, हे या चळवळीचे लक्षणीय फलित होय. प्रशिक्षणही या काळात काही प्रमाणात आडव्या दिशेने, म्हणजे एका शिक्षकाकडून शेजारच्या शिक्षकाकडे, चालले. याउलट राज्यपातळीवरून जिल्हा, गट व केंद्र अशा उतरंडीने येणाऱ्या प्रशिक्षणात प्रत्येक पायरीवर वेळ घटतो व प्रात्यक्षिकाची जागा व्याख्यान घेते. शेवटच्या पायरीवरील शिक्षकाला साधन दिसते, हाताळावयास मिळत नाही.

अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. आंतरजाल-जोडणी, दूरवैद्यक व शाळेतील संगणकीय अध्यापन ही त्याची अंगे होती. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात हरिसालच्या यशापयशाची राज्यभर चर्चा झाली. त्या वादात शाळेतील शिक्षक-प्रशिक्षणाचा प्रश्न जवळजवळ आलाच नाही. मेळघाटात (धारणी व चिखलदरा तालुके) तोच प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. येथील बहुसंख्य मुलांची घरची भाषा कोरकू असून ती ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा गटातील आहे. प्रमाण मराठीतील ध्वनिचित्रफीत या मुलांना पहिल्या दिवशी मोहित करते. पण शब्द कळेनासे झाले की चौथ्या-पाचव्या दिवशी ती केवळ चित्रे पाहतात. फीत थांबवून चित्राचे कोरकू नाव मुलांकडून काढून घेणारा व मग मराठी शब्द देणारा शिक्षक तीच फीत उपयोगी करू शकतो. कोठे थांबावे, हे कळ दाबण्याच्या प्रशिक्षणात शिकविले जात नाही.

विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तीची दिशा शिक्षकांहून भिन्न असते. शिक्षकात आरंभी धास्ती असून सरावाने ती ओसरते. विद्यार्थ्यांत आरंभी कुतूहल असून साधन निष्क्रियपणे पाहावे लागल्यास ते ओसरते. साधनाला स्वतः हात लावण्याची संधी, हा यात प्रमुख घटक होय. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला, तेव्हा वीस-बावीस मुलांपैकी प्रत्येकाला स्वतःचे यंत्र मिळाले. बहुतेक शाळांत अशी चैन शक्य नसते. एका संचाभोवती तीस मुले असतात, तेव्हा पुढे बसणारी चार-पाच धीट मुले तो चालवितात व उरलेली पाहतात. मागे राहणाऱ्यांत मुलींचे प्रमाण अधिक असल्यास ‘मुलींना यंत्राची आवड कमी’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः तो बैठकव्यवस्थेचा परिणाम असतो. पाळीपाळीने हाताळणी करविण्याचे साधे तंत्र शिक्षकाला अवगत असल्यास हा फरक पुष्कळ कमी करता येतो.

परिणामकारक प्रशिक्षणाची काही लक्षणे यावरून सांगता येतात. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील एक पाठ घेऊन यावा, तो साधनासह तयार करावा, वर्गात घ्यावा व अडचणी घेऊन पुन्हा एकत्र यावे, हा क्रम अखंड व्याख्यानमालेपेक्षा फलदायी ठरतो. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. महाराष्ट्रात दहा-पंधरा शाळांच्या समूहासाठी केंद्रप्रमुख असतो व केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. या परिषदांचा वेळ बव्हंशी सूचना व आकडेवारी यांत जातो. त्यातील एक तास प्रत्यक्ष पाठास देणे शक्य आहे. फुटतूट झाल्यास शिक्षकाला व्यक्तिशः जबाबदार न धरण्याचे आश्वासनही तितकेच आवश्यक असते.

कोविड साथीत मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्याने साधनांचा वापर ऐच्छिक राहिला नाही. ‘दीक्षा’ हे व्यासपीठ, सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिका व भ्रमणध्वनीवरील वर्गगट यांचा आधार घेण्यात आला. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून उघडू लागले होते. परंतु अमरावतीत रुग्णसंख्या वाढल्याने २२ फेब्रुवारीपासून तेथे पुन्हा टाळेबंदी लागू झाली. जे शिक्षक एरवी ध्वनिमुद्रण करण्यास कचरत, त्यांनी या काळात स्वतःच्या आवाजात पाठ मुद्रित करून पाठविले आणि हे कौशल्य त्यांना कोणत्याही वर्गाविना, गरजेपोटी आले. मेळघाटातील ज्या पाड्यांवर भ्रमणध्वनीची जोडणी मिळत नव्हती, तेथे शिक्षकांना गावात जाऊन ओट्यावर वा झाडाखाली चार-पाच मुलांचे गट करून शिकवावे लागले.