पोरींचा आवाज: बेमबेम देवींच्या वाटेचा मागोवा

1988 साली आमच्या शाळेच्या खो-खो संघाची कप्तान माझ्याच वर्गात होती. तिनं "खो" दिला की मैदानाच्या पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचा. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या जतच्या उन्हात धापा टाकत ती संघाला हाका मारायची आणि आम्ही मुकाट ऐकायचो. दहावीनंतर तिचं लग्न झालं. दोन वर्षांनी भेटली तेव्हा अंगणात उभी राहून ती इतकं हळू बोलत होती की मला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं.

त्याच सुमारास इकडून हजारो किलोमीटर लांब, इंफाळमध्ये, एक पोरगी मुलांच्या संघात खेळायला मिळावं म्हणून बोबो हे मुलाचं नाव सांगत होती. ओइनम बेमबेम देवी, जन्म 1980. घरातून फुटबॉलला पाठिंबा नव्हता, मुलींचे संघही मोजके होते. 1995 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती भारताकडून खेळली.

तिच्याआधीची पिढी विसरून चालणार नाही. देशात बायकांच्या फुटबॉलची स्वतंत्र संघटना 1975 मध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पाचेक वर्षांत कालिकतला आशियाई स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या. 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम फेरी गाठली, थायलंडनं 3-0 असं हरवलं. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमधला पहिला महिला अर्जुन. दुसरा बेमबेम देवींना, 2017 साली. मध्ये चौतीस वर्षं गेली. खेळणाऱ्या मुली तेव्हाही होत्या, त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं, असंच मी म्हणेन.

बेमबेम मधल्या फळीत खेळायच्या. ही जागा समजून घेण्यासारखी आहे. मागून चेंडू येतो, पुढे द्यायचा असतो आणि त्या क्षणात पाठीमागे कोण आहे, डावीकडे कोण मोकळी आहे हे सतत ओरडून सांगावं लागतं. मधल्या फळीतली खेळाडू गप्प राहिली तर संघ आंधळा होतो. 2003 पासून कर्णधारपदही त्यांच्याकडे आलं. म्हणजे ओरडायचं आणि हरल्यावर उत्तरही आपणच द्यायचं. 2010 ला ढाक्यात दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण, 2014 मध्ये मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळणं, मग 2016 ला शिलाँगमध्ये नेपाळवर 4-0 असा विजय आणि दुसरं सुवर्ण. तिथंच त्यांनी भारताची जर्सी उतरवली. 2020 मध्ये पद्मश्री मिळाली, फुटबॉल खेळणाऱ्या बाईला मिळालेली पहिली.

मला त्यांची निवृत्तीनंतरची वर्षं जास्त मोलाची वाटतात. 2017 ला महिलांची पहिली इंडियन वुमन्स लीग झाली, ती मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियननं जिंकली आणि त्या संघाच्या पाठीशी बेमबेम देवी होत्या. मग त्या प्रशिक्षणात रमल्या, कोवळ्या मुलींमध्ये. ज्या वयात त्यांना नाव लपवावं लागलं, त्या वयाच्या मुलींना त्या खेळ शिकवू लागल्या.

आपल्या बाजूलाही असं उदाहरण आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळल्या आणि पुढे भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलांच्या फुटबॉलचं काम बघू लागल्या. कोल्हापूरकडच्या फुटबॉलवेड्या मातीतून मैदानाबाहेरची खुर्चीही बाईकडे आली, याचं मला फार अप्रूप आहे.

कारण खुर्ची मिळणं आणि खुर्चीतून बोलता येणं यातलं अंतर आम्ही जतकर रोज बघतो. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये बायकांना निम्म्या जागा 2011 पासून आहेत. सरपंच बाई असते, ग्रामसभेत बोलतो मात्र बऱ्याचदा नवरा नाहीतर दीर. तिला अक्कल कमी म्हणून नव्हे. चारचौघांत आवाज चढवायची, चुकलं तर अंगावर घ्यायची आणि उद्या पुन्हा उभं राहायची सवयच तिला कुणी लागू दिली नाही. ती सवय मैदान लावतं. म्हणून दुष्काळी तालुक्यात, जिथं ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर पोरींची शाळा सुटते, तिथं मुलींचा संघ ही चैन आहे असं मला कुणी सांगू नये.

मैदानावर परत येते: 2022 ला महिला फुटबॉलची आशियाई स्पर्धा आपल्याच राज्यात, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाली. करोनामुळं भारताचे तेरा खेळाडूही उभे राहू शकले नाहीत आणि संघाला स्पर्धा सोडावी लागली. त्या दिवशी मला रडू आलं. मग जुलै 2025 मध्ये चियांग माईला याच मुलींनी थायलंडला 2-1 नं हरवलं, 1983 ला बँकॉकमध्ये आपल्याला हरवणाऱ्या थायलंडला, त्यांच्याच देशात. संगीता बासफोरचे दोन गोल. पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत जाण्याची ती पहिली वेळ.

माझी ती कप्तान मैत्रीण मागच्या यल्लम्माच्या यात्रेत भेटली. सोबत सात-आठ वर्षांची नात. पाळण्यांचा गोंगाट, नात काहीतरी मागत होती, तोंडातल्या तोंडात. मैत्रीण वाकली आणि म्हणाली, "मोठ्यानं सांग की गं. घाबरतीस कशाला?"

पोरीनं मग जे ओरडून सांगितलं, ते शेजारच्या दुकानातल्या बांगडीवाल्यालाही ऐकू गेलं.