युनिटवाल्यांनो, सोलर तुमच्यासाठीही आहे

सिडनीतल्या टूनगॅबी, वेंटवर्थव्हिल, पेंडल हिलच्या युनिटांमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून एक वाक्य सतत ऐकू येतं: "सोलर बंगलेवाल्यांना. आमच्याकडे सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि एक जण कायम आडवा येतो." हे साफ चूक आहे. पण ते इतक्या खात्रीने सांगितलं जातं की विषय स्ट्राटाच्या, म्हणजे इमारतीच्या मालकसंघाच्या, सभेपर्यंत पोचतच नाही. वर छप्पर रिकामं तापत राहतं आणि खाली लोक वाढत्या वीजबिलाला बोल लावत बसतात.

सगळ्यांच्या सह्यांची अट न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात या कामासाठी नव्हतीच. २०१५ च्या स्ट्राटा कायद्यानुसार सामायिक छपरावर असं काही बसवायला विशेष ठराव लागे, म्हणजे विरोधातली मतं २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत एवढंच. फेब्रुवारी २०२१ पासून तेही सोपं झालं. सोलर, बॅटरी, विजेच्या गाडीचं चार्जिंग अशा कामांसाठी 'सस्टेनेबिलिटी इन्फ्रास्ट्रक्चर' ठराव आला. विरोधातली मतं निम्म्याहून कमी असली की तो मंजूर होतो. मोजतात ती सभेत पडलेली मतं, आणि त्यांचं वजन प्रत्येक युनिटच्या हिश्श्यावर ठरतं. समजा, सगळ्यांचे हिस्से सारखे आहेत. ८ मालकांनी मतं दिली, ३ विरोधात गेली. जुन्या नियमाने ठराव पडला असता. आज तो मंजूर होतो. जो मालक सभेकडे फिरकलाच नाही, त्याला विरोधक समजून आपणच का घाबरायचं?

"इमारतीचं रूप बिघडेल" हे कारणही आता पुरत नाही. निव्वळ दिसण्याच्या मुद्द्यावर अशा कामाला मनाई करणारा उपनियम १ जुलै २०२५ पासून चालत नाही. वारसा इमारतींचा अपवाद आहे. मतदानाआधी मालकांनी काही गोष्टी विचारात घ्याव्यात अशी मात्र कायद्याची अपेक्षा आहे: खर्च किती, देखभाल कोणाकडे, मालकी कोणाची, लाभ कोणाकोणाला. ही माहिती कागदावर नसली की सभेत शंका वाढतात आणि चांगला ठरावही लटकतो. आडव्या येणाऱ्या शेजाऱ्याला दोष देण्याआधी आपण आकडे तयार ठेवले होते का, हे पाहायला हवं.

दुसरा गैरसमज: "ती योजना संपली, आता काही मिळत नाही." राज्य आणि केंद्र सरकारने मिळून २.५ कोटी डॉलरची एक योजना फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू केली होती. सामायिक सोलरच्या निम्म्या खर्चापर्यंत, इमारतीमागे जास्तीत जास्त १,५०,००० डॉलर, असं ते अनुदान होतं. अर्जांची मुदत १ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. पण केंद्राची लघु सौर प्रमाणपत्रं, ज्यांना सगळे एसटीसी म्हणतात, ती २०३० अखेरपर्यंत आहेत. १०० किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेला ती मिळतात आणि इमारत स्ट्राटाची आहे म्हणून अडत नाहीत. सिडनीत ३० किलोवॉटच्या यंत्रणेला २०२६ मध्ये २०७ प्रमाणपत्रं पडतात, २०२७ मध्ये १६५. दर बाजारावर हलतो, पण ४० डॉलरच्या आतबाहेर धरला तर ही काही हजार डॉलरची सूट आहे. दर जानेवारीला ती घटते, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" हे महागात पडतं.

"वीज जिन्यातल्या दिव्यांपुरतीच." भारतात पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला सामायिक वापरासाठीच किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, कदाचित तिथून हे डोक्यात बसलं असेल. इथे एकाच छपरावरची वीज वेगवेगळ्या युनिटांना वाटणारी उपकरणं मिळतात, मेलबर्नच्या अल्यूम कंपनीचं सोलशेअर हे त्यांतलं एक. प्रत्येकाचा मीटर आणि वीजकंपनी तीच राहते.

"भाडेकरूला काय उपयोग?" त्याच्या युनिटला जोडणी असेल तर बिल त्याचंच कमी होतं. त्याला मत नसतं, पण निम्म्या किंवा अधिक युनिटांत भाडेकरू असतील तर समितीवर त्यांचा प्रतिनिधी बसू शकतो. शिवाय केंद्राने जाहीर केलेल्या 'सोलर शेअरर' सवलतीत जुलै २०२६ पासून, स्मार्ट मीटर असलेल्यांना दुपारी किमान ३ तास वीज मोफत घेता येईल. छपरावर पॅनल असण्याची गरज नाही.

"ढग आले की बंद." बंद होत नाही, कमी होते.

कोणताही मालक सचिवाला लेखी कळवून पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ठराव घालून घेऊ शकतो. तुमच्या इमारतीची वार्षिक सर्वसाधारण सभा (एजीएम) कधी आहे ते या आठवड्यातच स्ट्राटा मॅनेजरला विचारा, दोन-तीन कोटेशनं मागवा आणि ठराव पाठवून द्या.