आधी जागा, मग निविदा

पुण्यातील बिबवेवाडीच्या दक्षिणेला कात्रज-कोंढवा रस्ता आहे. मुंबई-बंगळूर महामार्गावरून सोलापूरकडे जाणारी जड वाहने हीच वाट धरतात. काम राष्ट्रीय महामार्गाचे, पण रस्ता महापालिकेच्या ताब्यात. कात्रज चौकातील उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. त्याचे भूमिपूजन सप्टेंबर २०२१ मध्ये झाले. पुढच्या रस्त्याचे रुंदीकरण मात्र २०१८ पासून भूसंपादनात अडकले. आराखड्यातली ८४ मीटर रुंदी अखेर ५० मीटरवर आली, आणि जागेच्या मोबदल्यासाठी राज्य सरकारकडे हात पसरावे लागले. परिणाम असा, की प्रशस्त डांबरी पट्टा मध्येच संपतो आणि कंटेनर, पीएमपी बस, दुचाकी सगळे एकाच बोळात घुसतात. तेव्हा खरी चणचण बांधकामाच्या निधीपेक्षा मोकळ्या जागेची आहे.

जागामालकाला रोख पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, द्यावा, असा यावर नेहमीचा तोडगा. कागदावर तो फुकटच. पण टीडीआरचा भाव बाजारावर हलतो, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने रोख मोबदल्याची वाट दाखवल्यावर मालक कागद का घेईल? जागेसाठी थांबलो तर खर्च वाढेल, हा आक्षेप अधिक वजनदार. तरी अर्धवट रस्त्यावर अडकलेला पैसा काही स्वस्त नसतो. प्राधिकरण स्वतःच्या प्रकल्पांत बहुतांश जमीन हाती आल्याखेरीज ठेकेदाराला काम सुरू करू देत नाही. हीच अट महापालिकेने निविदेआधी स्वतःला घालावी, आणि महामार्गाचा भार वाहणाऱ्या अशा रस्त्याच्या भूसंपादनात केंद्रानेही वाटा उचलावा.