ॲस्बेस्टॉसचा खटला

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरावर, निदान पडवीवर किंवा गोठ्यावर, करड्या रंगाचे सिमेंटचे पत्रे असतात. त्यांस बळकटी आणणारा पदार्थ बहुधा ॲस्बेस्टॉस हा असतो. हा खाणींतून निघणारा दगड. पण त्याचे कापसासारखे तंतू निघतात व ते आगींत जळत नाहींत. पत्रा कापतांना त्याची बारीक धूळ उडते, ती श्वासाबरोबर फुप्फुसांत शिरते आणि वीस-तीस, कधीं चाळीस वर्षांनीं कर्करोग उत्पन्न करूं शकते. इतक्या विलंबामुळें दोष कशाचा हें रोग्यास कित्येकदां कळतही नाहीं.

असा माल एका देशानें विकूं पाहावा व दुसऱ्यानें नाकारावा, तर न्याय कोणाच्या बाजूस ?

फ्रान्सनें १ जानेवारी १९९७ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत ह्या दगडाच्या मोठ्या खाणी होत्या. १९९८ सालीं कॅनडानें जिनीव्हा येथील जागतिक व्यापार संघटनेकडे युरोपीय समुदायाविरुद्ध फिर्याद नेली. परदेशी मालास स्वदेशांतील तशाच मालापेक्षां कमी लेखूं नये, असा संघटनेच्या करारांत नियम आहे. काचेचे किंवा लाकडाचे तंतू घालून केलेला माल फ्रान्समध्यें चालतो, मग आमचाच कां नको, असें कॅनडाचें म्हणणें. शिवाय काळजीपूर्वक वापरल्यास अपाय नाहीं, हेंही.

हा दुसरा मुद्दा वरवर सयुक्तिक भासतो. कारखान्यांत धुळीचा बंदोबस्त करतां येईलही. पण भोंक पाडणारा सुतार, जुनें छप्पर उतरविणारा मजूर, किंवा सुटीच्या दिवशीं घरींच डागडुजी करणारा गृहस्थ ह्यांच्यामागें कोण उभें राहणार? खटल्याचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें.

सन २००० मध्यें पहिल्या मंडळानें दोन्ही माल सारखेच ठरविले. मात्र मनुष्याच्या जीविताच्या रक्षणार्थ करारांत जो अपवाद आहे, त्याच्या आधारें बंदी कायम केली. मार्च २००१ मध्यें अपील मंडळानें ही चूकही दुरुस्त केली. दोन माल सारखे कीं नाहींत हें पाहतांना त्यांपासून होणारा अपाय वगळतां येणार नाहीं, आणि प्रजेचें रक्षण किती करावें हें ज्या त्या राष्ट्रानें ठरवावें, असा निर्णय त्यानें दिला.

पुढें २०१८ मध्यें कॅनडानेंच ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. खाणीवरून ज्या गांवाचें नांवच ॲस्बेस्टॉस पडलें होतें, त्यानें २०२० मध्यें तें टाकून व्हाल-दे-सूर्स हें नांव घेतलें.

आपल्या देशांत हे पत्रे अद्याप विकले जातात. घरचा जुना पत्रा काढावयाचा झाल्यास तो करवतीनें कापूं नये. पाण्यानें भिजवून अखंड खालीं घ्यावा, आणि त्या वेळीं मुलांस अंगणांत येऊं देऊं नये.